शेवटचा नंबर

टॅटूच्या खुर्चीत बसायच्या आधी प्रत्येकाच्या हातात एक कागद येतो. वय अठरा पूर्ण आहे का, दारू घेतली आहे का, शुगर आहे का, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, जखमेचा वण उंच वाढतो का, बाई असेल तर दिवस गेलेत का. आणि अगदी तळाशी, सहीच्या वर एक ओळ: एचआयव्ही किंवा हिपॅटायटिस आहे का? हो की नाही. मुंबईत मी ज्या स्टुडिओत काम शिकले, तिथे या भरलेल्या कागदांच्या फायली माळ्यावर रचून ठेवलेल्या असत. मी तिथे होते तोवर त्या ओळीपुढे 'हो' लिहिलेला एकही कागद माझ्या हाती आला नाही. मालक त्याचा अर्थ असा लावायचे की आपल्याकडे चांगल्या घरची गिऱ्हाइकं येतात.

मला हा हिशोब तेव्हाही पटत नसे. ज्याने कधी तपासणीच केली नाही तो बिनदिक्कत 'नाही' लिहितो, आणि त्याच्या परीने तो खरंच बोलत असतो. ज्याला नुकतीच लागण झाली आहे त्याची तपासणी पहिले काही आठवडे निगेटिव्हही येऊ शकते. ज्याला आपल्याबद्दल पक्कं ठाऊक आहे त्याला हेही ठाऊक असतं की 'हो' लिहिलं की उठून जावं लागणार. एवढं असूनही जो 'हो' लिहील, तो बहुधा वर्षानुवर्षं गोळ्या घेणारा, दर वर्षी रक्त तपासून घेणारा माणूस असणार. त्याच्या रक्तात यंत्रालाही सापडू नये इतका विषाणू कमी असण्याची शक्यता मोठी. म्हणजे त्या एका ओळीने दुकानाबाहेर जातो तो नेमका सगळ्यात काळजी घेणारा माणूस. बाकीचे आत.

कोल्हापूरला राजारामपुरीत स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा ती ओळ मी काढली. तिच्या जागी लिहिलं: जखम भरायला वेळ लागेल असा काही आजार किंवा औषध चालू आहे का, आणि असल्यास डॉक्टरांशी बोललात का? आजाराचं नाव लिहायची गरज नाही. ओळखीच्या टॅटूवाल्यांनी मला वेड्यात काढलं. "उद्या कोण यून बसंल, कळायचं बी न्हाई," एक जण म्हणाला. तसंही कुठे कळत होतं?

शिवाय कायदा आहे. एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा 2017 साली झाला, 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. नोकरी, शाळा, दवाखाना एवढ्यावर तो थांबत नाही. दुकानं, हॉटेलं, लोकांसाठी खुल्या असलेल्या सगळ्या सेवा त्यात येतात, पैसे घेऊन दिलेल्या असोत की फुकट. एचआयव्ही आहे म्हणून माणसाला परत पाठवलं तर तो भेदभाव, आणि त्याची ही गोष्ट त्याला न विचारता दुसऱ्याला सांगितली तर तोही गुन्ह्याच्याच वाटेवरचा प्रकार. टॅटूवाल्यांना हे कुणी सांगितलेलं नसतं. आम्हाला मुळात कुणी काहीच सांगितलेलं नसतं. माझ्या भिंतीवर शॉप ॲक्टचा परवाना लावलेला आहे, पण सुया कशा हाताळता, कचरा कुठे टाकता हे विचारायला आजवर एकही सरकारी माणूस माझ्या दुकानाची पायरी चढलेला नाही. शेजारच्या कपडेवाल्याचा आणि माझा परवाना एकच. फरक इतकाच की मी दिवसभर लोकांच्या कातडीला भोकं पाडते.

एक दिवस एक तरुण आला तो दारातच उभा राहिला. तेवीस-चोवीस वय, शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला. हाताच्या नखांत काळं बसलेलं. आत कुणी नाही हे बघून हलक्या आवाजात म्हणाला, "ताई, मला एचआयव्ही हाय. करणार का न्हाई ते आधी सांगा. उगं डिझाईनं बघत बसायला नको."

"काय करायचंय?" मी विचारलं.

"वाघ."

"बसलेला का चालणारा?"

तो एकदम आत आला. चालत येणारा, समोर बघणारा, डाव्या हाताच्या आतल्या बाजूला. फोनमध्ये फोटो साठवून ठेवले होते. त्यातला एकही वाघ हातावर बसेल असा नव्हता, पण ते सगळ्यांचंच असतं. दोन दुकानांनी त्याला परत पाठवलं होतं. एकाने सरळ नाही म्हटलं, दुसऱ्याने 'फोन करतो' म्हणून केलाच नाही. दुसऱ्याचा राग त्याला जास्त होता.

उजव्या मनगटावर मात्र आधीचं काम दिसत होतं. 'आई' ही दोन अक्षरं. शाई हिरवट पडलेली, कडा पसरलेल्या, 'ई'चा वरचा भाग नुसता डाग झालेला. जोतिबाच्या चैत्र यात्रेत केलं होतं, पंधरा-सोळाचा असताना. यात्रेतला तो धंदा मी जवळून पाहिलेला आहे. बॅटरीवरचं मशीन, प्लॅस्टिकमध्ये घातलेली नमुन्यांची वही, एका टोपणात शाई, पुसायला एकच फडकं, आणि सुई बदलायची ती मोडली तर. माझ्या आजीच्या हातावर तुळस आणि विंचू होते. गोंदणारणीने दोऱ्याने बांधलेल्या तीन सुयांनी काजळी टोचून केलेले. त्यात निदान बसायला एका वेळी घरातल्याच बायका असायच्या. यात्रेत अनोळखी माणसांची रांग लागते.

"तिथं कुणी इचारलं न्हाई, म्हणून तिथं केला," तो म्हणाला. त्या वयात गोळ्यांचा कंटाळा आला होता, आठवडा आठवडा चुकवायचा, हेही त्यानेच सांगितलं. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "माझ्या मागं रांग हुती, ताई. पर माझ्या आधी बी हुतीच की."

दुकानांनी दार लावून घेतलं की माणूस टॅटूचा नाद सोडून देतो अशी एक भाबडी समजूत आमच्या लोकांत आहे. तो नाद सोडत नाही. जिथे कुणी काही विचारत नाही आणि कुणी काही धूतही नाही तिथे जाऊन बसतो.

मी त्याच्याकडून एकच गोष्ट मागितली: एआरटी सेंटरच्या, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या देणाऱ्या केंद्राच्या, डॉक्टरांना किंवा समुपदेशक ताईंना विचारून ये. चिठ्ठी नको, शिक्का नको. त्यामागे कारण आहे. गोळ्या नियमित चालू असतील, सीडी फोर, म्हणजे प्रतिकारशक्ती मोजायचा रक्तातला आकडा, चांगला असेल तर एचआयव्हीवाल्याची कातडी इतरांसारखीच भरून येते. सीडी फोर दोनशेच्या खाली असेल तर साधी जखमही चिघळू शकते, तेव्हा थांबावं. औषधं नुकती सुरू झाली असतील तरी थांबावं, कारण दबलेली प्रतिकारशक्ती उठून बसते तेव्हा ती कुठे भडकेल याचा नेम नसतो, आणि शाई शरीराच्या दृष्टीने परकीच. हे मला कुठल्याही टॅटूच्या कोर्समध्ये शिकवलेलं नाही. एका त्वचारोगतज्ज्ञाला वहीत प्रश्न लिहून नेऊन विचारलेलं आहे.

तो दोन दिवसांनी परत आला आणि फोनवर रिपोर्टच दाखवायला लागला. मी नको म्हणत होते. त्याला दाखवायचाच होता. सीडी फोर सहाशेच्या वर आणि व्हायरल लोडसमोर इंग्रजीत 'टार्गेट नॉट डिटेक्टेड', म्हणजे विषाणू सापडला नाही. शाळेच्या निकालासारखा तो स्क्रीनशॉट त्याने जपून ठेवला होता. आईच्या पोटातूनच त्याला हे आलं. सरकारने मोफत औषधं 1 एप्रिल 2004 ला सुरू केली आणि मुलांसाठीचा वेगळा कार्यक्रम 2006 मध्ये, तेव्हा हा बालवाडीच्या वयाचा. आई तोवर राहिली नव्हती. तो बालगृहात वाढला. हे त्याने स्टेन्सिलसाठी हात पुढे करून बसलेला असताना सांगितलं, फाउंड्रीतल्या ओव्हरटाइमबद्दल सांगावं तसं.

वाघाचं डोकं मी कोपराच्या खळग्यापर्यंत नेलं होतं. त्याने थांबवलं. "हितं नको. रक्त काढायला शिस्टरला हीच शीर घावती. दुसऱ्या हाताची घावतच न्हाई." इतकी वर्षं हातांवर काम करतेय, पण ही गोष्ट मला सुचली नव्हती. वाघ दोन बोटं खाली सरकवला, शेपूट मनगटाकडे वळवली. चित्र त्यामुळे सुधारलंच. आता दर काही महिन्यांनी रक्त द्यावं लागणारं कुणीही आलं, मग ते शुगरचं असो की किडनीचं, तर मी आधी विचारते: शीर कुठली?

तारीख ठरवताना तो म्हणाला, "शेवटचा नंबर द्या, दुकान बंद करायच्या टायमाचा. दातवाले तसंच करत्यात."

हे शेवटच्या नंबराचं खूळ मी बऱ्याच ठिकाणी पाहिलं आहे, आणि ते पाळणारे लोक स्वतःला उदार समजतात. नाही म्हटलं नाही ना, घेतलं ना. पण शेवटच्या नंबराचा अर्थ काय होतो? एक तर याच्यानंतर मी जास्त कसून साफ करणार, म्हणजे याच्या आधीच्यांनंतर कमी केलं. नाहीतर नेहमीसारखंच साफ करणार, मग शेवटी बसवायचं कशाला? दोन्हींतलं कुठलंही उत्तर बाकीच्या गिऱ्हाइकांना ऐकवण्यासारखं नाही. मी त्याला सकाळी अकराचा, दुकान उघडल्याबरोबरचा नंबर दिला. त्याच्यानंतर कॉलेजच्या दोन मुली होत्या.

टेबल मांडणं हा आमच्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा आणि सगळ्यात महत्त्वाचा भाग. आधी टेबल पुसून घ्यायचं, मग मशीन, वायर, दिव्याची दांडी, हात ठेवायची उशी, हिरव्या साबणाची फवारा बाटली, ज्याला ज्याला ओला हात लागणार त्या सगळ्याला पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचं. बाटली लोक विसरतात. रक्ताळलेल्या हातमोज्याने दिवसभर तीच बाटली दाबली जाते आणि ती कुणीच बदलत नाही. शाई मोठ्या बाटलीतून लहान टोपणात ओतायची, टोपण व्हॅसलीनच्या ठिपक्यावर चिकटवायचं. उरलेली शाई फेकायची, परत ओतायची नाही, कितीही महाग असो. सुई बदलली पण टोपण तेच ठेवलं तर सुई बदलून काही मिळवलं नाही. सुयांची कार्ट्रिज पाकिटातून गिऱ्हाइकासमोर काढायची, पाकिटावरची तारीख त्याला दाखवायची. चांगल्या कार्ट्रिजमध्ये आत एक रबरी पडदा असतो, त्यामुळे शाई आणि रक्त मागे मशीनमध्ये शिरत नाही. स्वस्तातल्यांत तो नसतो आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. मध्येच फोन वाजला तर उचलायचा नाही, उचलला तर हातमोजे बदलायचे.

आणि तो निळा दिवा. पार्लरमध्ये, टॅटूच्या दुकानांत काचेच्या पेटीत निळा दिवा लावून अवजारं ठेवलेली असतात. तो दिवा निर्जंतुक करत नाही. स्टीलची मूठ पुन्हा वापरायची असेल तर ऑटोक्लेव्ह लागतो, 121 अंशांची दाबाखालची वाफ आणि पंधरा-वीस मिनिटं. घरच्या कुकरचीच मोठी बहीण, पण शिट्ट्या मोजून चालत नाही. मी ती भानगडच सोडली, सगळं एकदा वापरून फेकायचं वापरते. मग फेकायचं कुठे हा प्रश्न उभा राहिला. सुया भोक न पडणाऱ्या पांढऱ्या डब्यात, रक्ताचे कागद पिवळ्या पिशवीत. पण ती पिशवी उचलणारी गाडी दवाखान्यांची, आणि दवाखाना नसलेलीचं खातं उघडायची त्यांची तयारी नव्हती. त्यासाठी केलेल्या खेपांवर वेगळा लेख होईल.

माझ्या हाताखालचा पोरगा त्या सकाळी गप्प होता. मी त्याला काही सांगितलं नव्हतं, सांगायचं नव्हतंच. पण दुकान लहान आहे आणि त्या तरुणाने पाण्याचा ग्लास घेताना स्वतःच सांगून टाकलं. संध्याकाळी पोराने विचारलं, "सुई लागली असती तर?"

प्रश्न रास्त होता, म्हणून नीट उत्तर दिलं. दवाखान्यात एचआयव्हीचं रक्त भरलेली पोकळ सुई टोचली तर लागण होण्याची शक्यता साधारण तीनशेत एक, तीही उपचार न घेणारा रुग्ण धरून. आमच्या सुया भरीव असतात, त्यांच्या पोटात रक्त साठत नाही. गोळ्यांनी विषाणू दबलेला असेल तर शक्यता आणखी खूप घटते. विषाणू सापडत नसेल तर शरीरसंबंधातून तो पसरत नाही, हे आता पक्कं झालेलं आहे. सुईच्या बाबतीत तेवढी छातीठोक खात्री कुणी देत नाही, म्हणून सुई लागली तर धावायचंच. जागा साबण-पाण्याने धुवायची, पिळायची नाही, आणि सरकारी दवाखाना गाठायचा. होईल तेवढं लवकर, काही झालं तरी 72 तासांच्या आत. 28 दिवस गोळ्या. एड्सच्या हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर लावला आहे, 1097, फोन फुकट आहे.

"पण तुला घाबरायचंच असेल तर हिपॅटायटिस बीला घाबर," मी म्हटलं. लस न घेतलेल्याला त्या रक्ताची सुई टोचली तर शक्यता तीनशेत एक नाही, शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. एचआयव्हीचा विषाणू शरीराबाहेर फार तग धरत नाही. हिपॅटायटिस बीचा मात्र बाहेर सुकलेल्या डागातही सात दिवस जिवंत राहतो. न्यूयॉर्क शहराने 1961 मध्ये टॅटूवर बंदी घातली ती याच काविळीच्या नावाने, आणि ती 1997 पर्यंत उठली नाही. मधल्या काळात एड्सची एवढी मोठी साथ येऊन गेली. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राकडे टॅटूमुळे एचआयव्ही झाल्याची त्यांच्या देशातली एकही नोंद नाही. याचा अर्थ आपल्याकडे तसं होणारच नाही असा कुणी काढू नये. 2022 मध्ये वाराणसीहून बातमी आली होती. स्वस्तात टॅटू काढलेल्या काहींना एचआयव्ही निघाला आणि न बदललेल्या सुईवर डॉक्टरांनी संशय घेतला. पोराने त्या बातमीचा व्हिडिओ पाहिलेला होता. त्यात दोष सुई न बदलणाऱ्याचा आहे, हे मात्र त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

दुसरी बैठक शेडिंगची, ती संध्याकाळी ठेवावी लागली कारण त्याला पहिली पाळी होती. पट्टे भरता भरता नऊ वाजले आणि त्याच्या फोनचा गजर वाजला. पडद्यावर नाव आलं: चार्जिंग. "खोलीत पाच जण ऱ्हातो आमी," तो म्हणाला. पिशवीतून डबी काढली. लेबल नखाने खरवडून काढलेलं, कागदाचे पांढरे तुकडे अजून चिकटलेले. एका हाताने झाकण उघडेना. हातमोजे काढून मी उघडून दिलं, त्याने गोळी घेतली, मी नवे हातमोजे घातले आणि वाघाचा उरलेला पंजा संपवला.

आमच्या धंद्यात एक चिन्ह फार चालतं, तीन चंद्रकोरी एकमेकांत अडकलेल्या, जैविक धोक्याचं. गेम खेळणारी पोरं, बुलेटवाले, सगळे काढून घेतात. माझ्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीवर तेच छापलेलं आहे हे त्यांच्या गावीही नसतं. अमेरिकेत काही एचआयव्हीबाधित पुरुषांनी ते चिन्ह मुद्दाम स्वतःच्या अंगावर गोंदवून घेतलं. आमच्याबद्दल जे मनात म्हणता ते हे घ्या, उघड. त्याला मागचा संदर्भ आहे. 1986 मध्ये विल्यम बकली या तिथल्या नावाजलेल्या स्तंभलेखकाने न्यूयॉर्क टाइम्समध्ये सुचवलं होतं की एड्सची बाधा असलेल्यांच्या दंडाखाली आणि कुल्ल्यांवर खूण गोंदावी, म्हणजे इतरांना सावध राहता येईल. गुरांना डागतात तसं. मी हे त्या तरुणाला सांगितलं तेव्हा तो हसला. "आमाला कशाला खूण? वाघ बरा हाय."

वाघ छान भरला. खपली धरली नाही, रंग उडाला नाही, एक मिशी तेवढी परत ओढावी लागली आणि त्यात दोष माझा नव्हता, भट्टीजवळ काम करून त्याने पहिल्याच आठवड्यात हात तापवला होता. त्याने फोटो टाकला, कामाखाली माझ्या दुकानाचं नाव लिहिलं.

मग ते झालं. जिल्ह्यातल्या टॅटूवाल्यांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे, शाईचे भाव आणि बुडवलेल्या पैशांच्या तक्रारी एवढंच त्यावर चालतं. तिथे एकाने तोच फोटो टाकला, खाली लिहिलं, 'हा पोरगा पॉझिटिव्ह आहे, सावध राहा, आमच्याकडे आला होता.' फोटो टाकणाऱ्याने त्या तरुणाला परत पाठवलं होतं, आणि फोटोतलं काम माझं होतं. मी फोटो टाकणाऱ्याला फोन करून आधी तो काढून टाकायला लावला, कायद्याचं कलम कुठलं हे न सांगता नुसतं 'गुन्हा आहे' एवढं सांगितलं, ते पुरलं. तरी तोवर बऱ्याच जणांनी पाहिलं होतं. कुणी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं, कुणी 'ताई, तुम्ही केलं? धाडस आहे' असं.

मी ग्रुपवर एकच ओळ लिहिली: तुमच्यापैकी हिपॅटायटिस बीच्या लसीचे तिन्ही डोस कुणी घेतलेत?

बराच वेळ कुणी काही लिहिलं नाही. इचलकरंजीच्या एकाने 'घेतलेत' म्हणून कळवलं. त्याची बायको नर्स आहे. दुसऱ्या दिवशी दोघांनी खाजगीत विचारलं, कुठे मिळते, केवढ्याला. सांगितलं: कुठल्याही बऱ्या डॉक्टरकडे मिळते, आज एक, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्याला तिसरा. त्यातला एक फोटो टाकणाराच होता. त्याने परत विचारलं, एका डोसवर भागत नाही का?

नाही भागत.